टिंबू किती जगतात

"तुझे लोक किती जगतात?" मी केसरला विचारलं.

"त्ये रोज न्हाई जगत," ती म्हणाली. "तारखेलाच जगत्यात."

"म्हणजे कसं?"

"म्हंजे गाडी आली की डोळं उघडत्यात. गाडीतनं कोर्टात जात्यात. काळ्या कोटाचा माणूस म्हणतो, पुढची तारीख. की परत गाडी, परत आत, आन् परत दगड हुन पडत्यात. मधल्या दिसांत त्येंचं वयच वाढत न्हाई. मग वर्सं कशाला मोजायची? इतक्या तारखांचा झाला, आसं म्हणायचं."

बराकीतल्या सगळ्या बायका हसल्या. अक्काताई तर डोळ्यांना पदर लावून हसली. "अगं माय, हे कुठले परग्रहावरचे! हे तर आपणच की!"

"आसू दे. माझ्या ग्रहावर आसंच हाय," केसर म्हणाली आणि मुठीतले चिंचोके खुळखुळवत बसली.

दुपारची बंदी झाली होती. जेवणं उरकली, गिनती झाली, बराकीचं दार बाहेरून लागलं. आता ऊन उतरेपर्यंत कुणी फिरकणार नव्हतं. जिल्ह्याचा लहानसा तुरुंग, बायकांना ही एकच बराक. फरशीवर मी विटेच्या तुकड्यानं गोल काढले होते, ते ग्रह. ब्लाउजची तुटलेली बटणं ही अंतराळयानं. पत्ते, फासे आत चालत नाहीत, म्हणून अक्काताईनं भटारखान्यातून चिंचोके आणले आणि फरशीवर घासून अर्धे केले. एक बाजू पांढरी, एक काळी. ते आमचे फासे.

हा खेळ मी काढला होता. आत येण्याआधी मी पुण्यात मोबाइलवरचे गेम करणाऱ्या एका कंपनीत लिहीत होते. अंतराळातल्या लढायांचा गेम होता आणि त्यातल्या परग्रहवासीयांच्या जाती रचणं हे माझं काम. ते काय खातात, कशाला भितात, कुणावर चिडतात. मालकाला मात्र प्रत्येक जातीपुढे एकच ओळ हवी असायची. आयुष्य तीनशे वर्षं, आयुष्य नऊ वर्षं. मी भांडायचे. अहो, वर्ष म्हणजे आपली पृथ्वी आपल्या सूर्याभोवती एकदा फिरली, एवढंच ना? ज्यांच्या आकाशात सूर्यच नाही ते वर्षं कशाला मोजतील? कुणी कात किती वेळा टाकली ते मोजेल, कुणी समुद्र किती वेळा गोठला ते, कुणी आपल्याला ओळखणारे किती उरले ते. तो म्हणायचा, "वैजयंती, तू फार विचार करतेस बुवा." पुढे तो 'गेममध्ये पैसे गुंतवा' सांगून या जिल्ह्यातल्या लोकांच्या ठेवी घेऊन पळाला आणि कागदोपत्री संचालक म्हणून सही निघाली माझी. एम.ए. झालेल्या बाईनं न वाचता सही करायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तर बराकीतल्या खेळाचा नियम असा, की बटण हातात घेण्याआधी आपली माणसं आयुष्य कसं मोजतात ते सांगायचं. सगळ्यांना पटलं तरच खेळायचं.

अक्काताई आमच्यातली सगळ्यात जुनी. तिला शिक्षा झालेली होती, जन्मठेप. तिनं सांगितलं, "माझ्या लोकांना जन्मतानाच आकडा देतात. मग रोज एक कमी. नीट वागलं तर सरकार आणखी थोडे कमी करतं."

"मग आकडा संपला की मेले?" मी विचारलं.

"नाही माय. संपला की जगायला सुरुवात."

केसर तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात चक्क हेवा होता. शिक्षा झालेल्या बाईचा हेवा वाटतो हे बाहेर कुणाला सांगून पटत नाही. पण तिला निदान आकडा तरी असतो. आम्हा खटला चाललेल्या कच्च्या कैद्यांना तोही नाही.

केसर पोळ्या लाटणारी. लग्नाच्या हॉलवर, बारशाला, मोठ्या घरांतून. तिच्या हाताची पोळी खाऊन लोक स्वयंपाकघरात डोकावून 'कोण आहे गं' विचारायचे, असं ती स्वतःच सांगायची, आणि लाजतबिजत नसे. एका घरी मालकिणीच्या पाटल्या गेल्या आणि आळ हिच्यावर आला. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळेना. नवरा नाही, भावानं पाठ फिरवली. दोन दिवाळ्या आत गेल्या. तिच्याबरोबर तिची पोरगी शेवंताही आत होती. आजीचं नाव ठेवलेलं, ते केसर तोंडानं घेत नसे, म्हणून आम्ही शेवू म्हणायचो.

"आता मी! आता माझी माणसं!" शेवू पुढे सरकली. हल्ली ती जरा बोबडं, तोंड न उघडता बोलायची. लाडात येते म्हणून मी तिला दोनदा रागावलेही होते.

"सांग. नाव काय त्यांचं?"

"टिंबू."

"टिंबू किती जगतात?"

"दात पडस्तोवर."

"म्हंजे म्हातारे होऊन मरतात म्हण की," कुणीतरी म्हणालं.

"न्हाई, म्हातारे न्हाई." शेवूला आमच्या अडाणीपणाचा राग आला. "पयला दात. पयला दात पडला की टिंबू खलास."

"खलास म्हणजे मरतो?"

"गाडी येती. पांढरी. तिच्यात एक बाई आसती, ती बिस्कीट देती. मग त्यो टिंबू परत येत न्हाई. त्येची आई रडती आन् सगळी म्हणत्यात साळंत गेला." तिनं बटण फरशीवर ठेवलं आणि आवाज बारीक केला. "पर एक हुशार टिंबू हाय. त्यो दात पडूच देत न्हाई. जिभेनं दाबून धरतो. पुढनं चावतच न्हाई. भाकर आमटीत लई येळ भिजवतो आन् मागनं खातो. त्यो सगळ्यांपेक्षा लई जगणार."

कुणीच हसलं नाही.

केसरनं हातातले चिंचोके खाली ठेवले. "शेवे, हिकडं ये. आ कर."

शेवूनं ओठ आत ओढले आणि मान हलवली.

"आ कर म्हणते न्हवं!"

केसरनं तिची हनुवटी धरली. शेवूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, लाथा झाडल्या. शेवटी अक्काताईनं तिला मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवला, तेव्हा कुठे तोंड उघडलं. खालचा पुढचा दात. बोट लागताच हलला. हिरडी लाल झाली होती, जिभेनं दाबून दाबून.

मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ आत राहू शकतं. त्यानंतर बाहेर सांभाळणारं कुणी नसेल तर बालगृहात. ज्याच्या जन्माचा दाखला आहे त्याचं ठीक, तारीख ठरलेली. नसेल तर डॉक्टर येतो, तोंडात बघतो आणि वय लिहितो. पावसाळ्यात आमच्यातल्याच रेश्माच्या बाळूचा दात पडला आणि त्याच आठवड्यात डॉक्टरची फेरी आली. पुढे पांढरी गाडी. आम्ही पोरांना सांगितलं, बाळू शाळेत गेला. शेवूचा जन्म वाडीतला, सुईणीच्या हातचा. दाखला नव्हता. कॅलेंडर तिला वाचता येत नव्हतं, सहा म्हणजे किती हेही नीट ठाऊक नव्हतं. तिनं आपलं बघून बघून घड्याळ शोधून काढलं होतं, आणि वाईट म्हणजे ते बरोबर होतं.

डॉक्टरची पुढची फेरी शनिवारी होती. केसरची तारीख शुक्रवारी.

ऊन उतरल्यावर दार उघडलं. केसर हौदावर कपडे आपटायला बसली आणि मी तिच्याशेजारी.

"शुक्रवारी कबूल करते," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. "काय कबूल?"

"चोरी."

सरकारनं दिलेल्या वकिलानं तिला मागच्या तारखेला हे सुचवलं होतं. कबूल केलंस तर आत काढलेले दिवस शिक्षेत धरतील, बहुतेक त्याच दिवशी सुटशील. नाहीतर साक्षीदार येतील न येतील, खटला कधी संपेल देव जाणे. तेव्हा केसरनं त्याला असं झापलं होतं की तो फाइल उचलून पळाला होता. सगळ्या गाडीला तिनं ते रंगवून सांगितलं होतं.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हणाले. "न केलेली चोरी कबूल करायची? उद्या कोण घेईल तुला स्वयंपाकघरात?"

"कुणी न्हाई घेणार."

"मग?"

"मग न्हाई. पोळ्याच लाटायच्या आसं कुठं लिवलंय?"

"अगं पण तू चोर नाहीस! जन्मभर चोर म्हणून राहशील? थोडं थांब. खटला उभा राहील, तू निर्दोष सुटशील..."

"मी सुटंन. पोरगी कुठं आसंल तवर?" तिनं कपडा जोरात आपटला. "वैजू, तुला पोर न्हाई. तुला न्हाई कळायचं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पोर नाही म्हणून अक्कल नाही असं थोडंच आहे!" मी हातातला मग हौदात भिरकावला. बाकीच्या बायका बघायला लागल्या.

अक्काताई पाणी भरायला आली होती. ती मध्ये पडली. "भांडू नका. केसर, मला एक सांग. कोर्टात जज्जसाहेबानं विचारलं पाटल्या कुठायत, तर काय सांगशील?"

"मला काय ठावं कुठं हायत!"

"तेच म्हणते मी. चोरी केलेल्या बाईला ठाऊक असतं. साहेब काही खुळा नाही. कुणीतरी पढवून पाठवलीय असं वाटलं तर तो कबुली घेणारच नाही. मग पुढची तारीख, आणि शनिवारी डॉक्टर."

केसरच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं हे हिशेबात धरलंच नव्हतं. तिनं साबणाचे हात झटकले. मग माझ्याकडे वळली.

"तू परग्रहावरची माणसं रचतीस न्हवं? मला एक चोरी रचून दे."

मी नाही म्हणणार होते. शब्द ओठावर आलाच होता. पण पलीकडे शेवू उंबऱ्यावर बसली होती, तोंड घट्ट मिटून, गाल आत ओढून, एखाद्या म्हातारीसारखी. मी पदराला हात पुसले आणि म्हणाले, "पाटल्या कुठं ठेवायची ती मालकीण?"

"मोरीच्या कोनाड्यात. अंघोळीला जाताना काढून ठिवायची."

"ठीक. तू कणीक मळत होतीस. घरात कुणी नव्हतं. तू उठलीस, पाटल्या उचलल्या, आणि कणकेच्या गोळ्यात दडवल्यास."

"कणकेत?" केसर उसळली. "अन्नात दडवू? मी आसलं करीन व्हय? त्या कणकेच्या मी पोळ्या लाटणार, माणसं खाणार!"

"अगं, चोरच आहेस तू आता!"

"चोर आसू दे. कणकेत न्हाई."

मी कपाळाला हात लावला. अक्काताई हसू दाबत होती. शेवटी पाटल्या कमरेला खोचल्या. पोलिस वस्तीवर आले म्हणून घाबरून ओढ्याच्या पुलावरून पाण्यात टाकल्या. कुणाचं नाव घ्यायला नको, कुणाकडे माल शोधायला नको. मला माझी हुशारी जराशी आवडलीही, खोटं कशाला बोलू?

मग तालीम सुरू झाली. अक्काताई बादली पालथी घालून तिच्यावर बसायची, साहेब होऊन. "बोल बाई, पाटल्या कशा घेतल्या?" केसर पाठ केल्यासारखं सगळं घडाघडा म्हणायची, पण 'मी चोरल्या' आलं की आवाज बसायचा. अक्काताई म्हणायची, "ऐकू नाही आलं." केसर परत म्हणायची. तेवढ्या दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळं आलं.

इकडे सगळी बराक त्या एका दाताला जपत होती. अक्काताई भटारखान्यातून तांदळाची पेज आणायची. शेवूला कुणी हसवायचं नाही, पळू द्यायचं नाही. तिच्याशी भांडायचं तर नाहीच, कारण ती रडायला लागली की तोंड उघडायची. फरशीवरचे ग्रह पुसून गेले, पण खेळायचं नाव कुणी काढलं नाही.

शुक्रवारी गाडी आली. केसरनं शेवूला अक्काताईच्या ओटीत घातलं. "बोलू नको. हसू नको. मी येस्तोवर तोंड मिटून बस." शेवूनं मान डोलावली. गाडीत माझीही तारीख होती, त्याच कोर्टात. वाटेत केसर ओठ हलवत होती. मी म्हटलं, बास कर आता, विसरशील. तर म्हणाली, "इसरले तर बरं, पर इसरत न्हाई."

माझं नाव आधी पुकारलं. दोन वाक्यांत पुढची तारीख पडली. बरोबरच्या शिपाईबाईला विनवून मी मागच्या बाकावर बसून राहिले. पुढच्या बाकावर पाटल्यांची मालकीण होती, हातात पिशवी, नाकावर रुमाल.

केसर पिंजऱ्यात उभी राहिली. साहेब चष्म्याचे, थकलेल्या चेहऱ्याचे. त्यांनी आरोप वाचून दाखवला.

"गुन्हा कबूल आहे?"

"व्हय साहेब."

त्यांनी मान वर केली. "काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांग."

केसरनं सांगितलं. मोरी, कोनाडा, कंबर. 'मी चोरल्या' तिनं असं खणखणीत म्हटलं की मीच दचकले.

"पाटल्या आता कुठायत?"

"वढ्यात टाकल्या, पुलावरनं."

"विकायला चोरल्यास आणि टाकून दिल्यास?"

"भ्याले, साहेब. पोलिस आल्ते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, असं बोल म्हणून तुला कुणी सांगितलंय का? कबूल केलंस तर चोर म्हणून नाव लागेल. ते पुसलं जात नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"मुलंबाळं?"

"एक पोरगी हाय."

"किती वर्षांची?"

हे आमच्या तालमीत नव्हतं. सहा म्हणाली असती तर ही इथं का उभी आहे ते त्यांना तिथल्या तिथं समजलं असतं. केसर कठड्याकडे बघत राहिली.

"ल्हान हाय, साहेब. आजून दात पडायचे हायत तिचे."

साहेबांनी कागदावर काहीतरी टिपलं. मग त्यांनी विचारलं, "चोरी का केलीस?"

सगळं रचलं होतं. मोरी रचली, पूल रचला, पोलिस रचले. कारणच रचलं नव्हतं! आम्हा दोघींच्या, तिघींच्या डोक्यात ते आलंच नव्हतं, कारण चोरी झालीच नव्हती. माणूस कारणाशिवाय चोरी करत नाही हे आम्हाला सुचू नये! मी बाकाची कड घट्ट धरली. केसरनं एकदा मागे पाहिलं, माझ्याकडे नाही, मालकिणीकडे.

"हाव सुटली, साहेब," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात रोज सोनं बघायचं, आन् आपल्या हातात पितळ बी न्हाई. बाई चांगल्या हुत्या. मला सणाला लुगडं द्यायच्या. तरी माझी बुद्धी फिरली. माझीच जात हलकट, दुसरं काय."

"बघा! मी म्हणतच होते!" मालकीण बाकावरून अर्धी उठली. "किती जीव लावला होता हिला!"

केसर परत मागे वळली नाही. साहेबांनी चष्मा पुसला, पेन उचललं आणि लिहायला घेतलं. भोगलेली कैद हीच शिक्षा, आणखी काही नाही. सोडा.

परतीच्या गाडीत ती माझ्याशेजारी बसली. मी तिचा हात धरला तर गार पडला होता. म्हणाली एवढंच, "पाणी हाय का? तोंड लई कडू झालंय."

आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सुटकेचा कागद कचेरीत गेला आणि केसर सामान आणायला धावतच बराकीत आली. दारातच अक्काताई उभी. तिचा चेहरा बघून मी ओळखलं.

"दुपारी पडला," ती म्हणाली. "काही चावलं नाही गं. झोपेतच पडला."

शेवू बराकीच्या कोपऱ्यात घोंगड्यांमागे होती. तोंड मिटलेलं, मूठ मिटलेली.

"शेवे, ऊठ. चल, भायेर जायचंय आपल्याला," केसर म्हणाली.

पोरीनं जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. ती उठून खिडकीकडे पळाली आणि गज धरले. "मी न्हाई येणार! न्हाई पडला! बघ, न्हाई पडला!" आणि एका हातानं ती तो दात परत हिरडीत बसवायला बघत होती. हाताला रक्त, ओठाला रक्त. आम्ही तिघी तिची बोटं सोडवत होतो आणि सुटत नव्हती. मी रडत होते, शिव्या देत होते, कुणाला ते माझं मला माहीत नाही.

"आगं मी हाय संगं," केसर तिच्या कानाशी सांगत होती. "मी बी येतीया. आपण दोघी जातूया."

शेवूनं मागे वळून पाहिलं. "तू बी?"

"व्हय, मी बी."

"तुझा बी दात पडला?"

केसरनं क्षणभर डोळे मिटले. "व्हय गं बाई. माझा बी पडला."

तेव्हा कुठे बोटं सैल झाली.

मी पुढे दोन वर्षांहून जास्त आत होते. नंतर निर्दोष सुटले. निकालात तसं स्पष्ट लिहिलंय, आईनं त्याची प्रत देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती. पुन्हा काम मिळालं, पुन्हा तेच अंतराळ, त्याच जाती. केसरचा पत्ता मात्र मला फार उशिरा लागला, अक्काताई सुटून आल्यावर.

तासगावच्या बाजूला एका बेदाण्याच्या शेडवर ती काम करत होती. दिवसभर बेदाणे निवडायचे, काड्या काढायच्या. पत्र्याची खोली. मला बघून तिनं आधी पाठीत धपाटा घातला, मग गळ्यात पडली. केस पिकले होते.

"पोळ्या?" मी विचारलं.

"पयल्यांदा दोनचार घरं फिरले. पोलिसाचा कागद बघत्यात लोक आता. मग सोडून दिलं." तिनं चहाला पाणी ठेवलं. "ऐक. शेवू यील आता साळंतनं. दहावीला हाय. तुला इचारंल ती. केलीच म्हणून सांगायचं."

"काय केलीच?"

"चोरी. मी केली म्हणूनच सांगितलंय तिला. तू बी त्येच सांग."

माझा भडका उडाला. "केसर, अगं जगाला सांगितलंस ते सांगितलंस. पोटच्या पोरीला? ती तुला चोर समजते?"

"समजू दे."

"गावात तिला ऐकून घ्यावं लागत असेल. तिला खरं कळलं तर ताठ मानेनं फिरेल ती! का म्हणून लपवायचं?"

"सांग म्हणते न्हवं, मग सांग की! परत्येक गोष्टीत का, का!" ती स्टोव्हकडे वळली ती वळलीच. मी तोंडात येईल ते बोलले.

शेवू आली. उंच झालेली, दोन वेण्या, रंग आईचा. मला ओळखलं नाही, पण नाव सांगितल्यावर एकदम आईकडे बघितलं. चहा पिऊन मी निघाले तेव्हा म्हणाली, "मी सोडते स्टँडपर्यंत." केसरनं दारातून माझ्याकडे एकदा पाहिलं.

वाटेत दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा. शेवू दोन पावलं पुढे चालत होती. वळणावर थांबली.

"मावशी, एक विचारू? खरं सांगशीला?"

"विचार."

"तुम्ही तिच्यासंगं आत होता न्हवं. आईनं केली होती का ओ चोरी?"

खरं माझ्या जिभेवर होतं. जीभ आवरणं हा माझा स्वभाव नाही, हे एव्हाना कुणालाही कळलं असेल. नाही गं, तिनं काडीला हात लावला नव्हता, एवढंच म्हणायचं होतं. पण ती पोरगी माझ्याकडे अशी बघत होती, श्वास रोखून, की मला बोलवेना.

"हो," मी म्हणाले. "केली होती."

"नक्की?"

"कोर्टात तिनं स्वतः सांगितलं. मी तिथंच होते."

शेवूचे खांदे खाली आले. तिनं मोठा श्वास सोडला, आणि मला वाटलं आता रडणार. पण ती हसली.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला आपलं वाटायचं, माझ्यापायी खोटं बोलली का काय."

एसटीचा हॉर्न ऐकू आला. तिनं माझी पिशवी हिसकून घेतली आणि जागा धरायला पुढे पळत सुटली.